साठच्या वर डुलणारी गाडी

बिघडलेली गाडी आणि चार रिकामी माणसं एका जागी आली की किस्सा आपोआप शिजतो, वरून फोडणी द्यावी लागत नाही. अमरावतीच्या फूलबाजारात सकाळचं गिऱ्हाईक ओसरलं की आमची बैठक जमते. माझं झेंडू-शेवंतीचं दुकान, शेजारी धनूभाऊंची संत्र्याची गाडी आणि समोर चहाची टपरी. दिवाळीपासून तिथं दुसरा विषयच नाही. माझी मोटरसायकल साठच्या वर गेली की डुलायला लागते!

हसू नका! हँडल हातात थरथरतं, मागचं चाक आपल्या मर्जीनं चालल्यासारखं वाटतं. एकदा बडनेऱ्याच्या पुढं मागून ट्रक येत असताना गाडी अशी लहरली, की मागं बसलेल्या माझ्या बायकोनं, वंदनानं, माझा शर्ट पाठीवर टरकन फाडला. सासुरवाडीला मी फाटक्या शर्टानं पोचलो.

*

टपरीवर सल्ल्याला तोटा नाही. एक म्हणे हवा पाहा, दुसरा म्हणे बेअरिंग गेलं. धनूभाऊंनी जन्मात मोपेडच्या वर काही चालवलं नाही, पण बोलतात असे की जणू कंपनीनं गाडी त्यांना विचारूनच बनवली.

तेवढ्यात वंदना डबा घेऊन आली. धनूभाऊ मान हलवत म्हणाले, "वहिनी, राग नोका मानू, पण मागं वजन जास्त होत असन!"

सगळी टपरी हसली. वंदनानं डबा टेबलावर आपटला.

"असं? मंग उतरली मी! ही गाडी सरळ चालेपर्यंत मी काई बसत नाही."

तेव्हापासून ती माहेरी, अकोल्याला, एसटीनं जायला लागली. मी गाडीवर, ती एसटीत. एकाच घरचे दोघं एकाच गावाला दोन गाड्यांनी! लोक विचारायचे, भांडण झालं का? खरं सांगू, मला करमत नव्हतं. अकोल्याच्या रस्त्यावर ती सगळा वेळ कानाशी बोलत असते. अर्धं वाऱ्यात उडून जातं, पण उरलेल्या अर्ध्यावर माझा रस्ता कटतो. आता मागची सीट रिकामी, आणि गाडी तरी डुलतच होती.

हे मी तिला मोठ्या आनंदानं सांगितलं. म्हटलं, "पाह्य, तुह्या वजनाचा काई संबंधच नाही!"

ती म्हणाली, "मंग तं मुळीच नाही बसत! मी नसताना बी डुलते, म्हंजे गाडी खरंच खराब हाय."

*

मग मेकॅनिक शोधणं आलं. अमरावतीतल्या पहिल्यानं गाडीचं जे-जे निघतं ते-ते काढलं. टायर बदलला, बेअरिंग बदललं, बुश बदलले. दर वेळी गॅरेजच्या गल्लीत एक चक्कर मारायचा. त्या गल्लीत दर दहा पावलांवर गतिरोधक!

मी म्हटलं, "भाऊ, इथं तीसच्या वर जाता येत नाही. माही गाडी साठच्या वर डुलते."

तो हात पुसत म्हणाला, "मंग चाळीसवर चालवा ना! कोन मागं लागलं हाय?"

*

आमच्या बैठकीचा मेकॅनिकवर विश्वास नाही, त्याला कारण धनूभाऊंचा रेनकोट. मोपेड गॅरेजला दिली, डिक्कीत रेनकोट होता. गाडी परत आली, रेनकोट नाही. मेकॅनिकनं देवाची शपथ घेतली. धनूभाऊंनीही मोठ्या मनानं विषय सोडला.

पुढच्या पावसाळ्यात धनूभाऊ राजकमल चौकात ओलेचिंब उभे. समोरून तोच मेकॅनिक, अंगात तोच रेनकोट, खिशाला धनूभाऊंच्या बायकोनं मारलेलं हिरवं ठिगळ. तो थांबला, अगदी कळकळीनं म्हणाला, "काय वो धनूभाऊ, असे भिजून काहून राहिले? एखादा रेनकोट घ्या ना!"

तेव्हापासून बैठकीचा कायदाच झाला. गाडी गॅरेजला द्यायची तर उघडीबोडकी द्यायची. मी मागची रेक्झिनची बॅग काढतो, सीटचं कव्हर काढतो, हँडलला बांधलेलं लिंबू-मिरचीसुद्धा काढतो!

*

वंदनाच्या भावाला, नितीनला, हे कळलं. तो अकोल्याचा, म्हणून त्याचा आमच्या गावावर आधीच राग.

"भाऊजी, अमरावतीत मेकॅनिक कुठी हाय? तिथं सगळे भाषणवाले! आमच्या अकोल्याले आना."

नेली. कायद्याप्रमाणे सासूबाईंच्या ओट्यावर बॅग उतरवून, गाडी बोडकी करून नेली. तिथला मेकॅनिक ऐटीत म्हणाला, "मी गाडी पयले हायवेवर पळवतो, मंगच बोलतो." मला वाटलं, मिळाला बुवा आपला माणूस!

तो गेला तो गेलाच. दुपार कलली. नितीनच्या तोंडचं पाणी पळालं, मी तर पोलिसात जायला निघालो. आणि हा आला! डोक्यावर टोपी, कपाळावर कुंकू, हातात नारळ.

"चुलत सालीची सुपारी फुटली बाळापूरले, लगन जमलं," तो म्हणाला. "पण भाऊ, गाडी एक नंबर! ऐंशीवर नेली, जरा बी डुलली नाही. तुमाले वहम हाय."

संध्याकाळी ओट्यावरची बॅग लावली आणि अमरावतीला निघालो. बोरगाव यायच्या आत गाडी डुलली. मलाही वाटायला लागलं, खरंच वहम आहे की काय!

*

आता शेवटचं. नितीनच्या मुलीचं बारसं होतं. वंदना नव्या जांभळ्या लुगड्यात सकाळच्या एसटीनं निघाली, मागोमाग मी. मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी इतकी लहरली की मी खाली उतरलो. हळूहळू गावात आणली. स्टँडच्या फाटकाशी एक गॅरेज दिसलं, रज्जाकभाईंचं. वंदनाची एसटी स्टँडवर उभीच होती. तिनं खिडकीतून मला गाडी ढकलताना पाहिलं आणि धावत खाली आली.

"लागलं का कुठी?" तिनं माझे हात-कोपरे उलटून पाहिले.

"नाही व, काई नाही झालं," मी म्हटलं.

रज्जाकभाईंनी विचारलं, "कधीपासून होऊन राहिलं असं?"

"दिवाळीपासून."

त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. घेतली मात्र, पुढचं चाक हवेत!

रज्जाकभाईंनी चाकाकडं पाहिलं, मग मागच्या बॅगेकडं. "भाऊ, इच्यात काय हाय?"

"काई नाही, रोजचंच सामान."

"खोलून पाहा. मी पराया बॅगेले हात नाही लावत."

मी काही बोलायच्या आत वंदनानं चेन ओढली. वर पावसाची प्लास्टिकची ताडपत्री, सुतळी, एक जुना टॉवेल. टॉवेलाखाली लोखंडी वजनं! पाच किलोची दोन, दोनची, किलोची, आणि खाली सगळी पिल्लावळ.

दिवाळीच्या आधी, दसऱ्याला, मी नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता. त्याच दिवशी जुन्या वजनांची पूजा करून बाबा म्हणाले होते, "ह्यायले घरात नोको ठेवू. धंद्याचं वजन धंद्यासंगच फिरलं पाहिजे." मी त्यांना बॅगेत घातलं आणि विसरलो; काढता-लावताना बॅग जड लागायची, पण मला वाटायचं, ताडपत्रीचंच वजन. वजनांवर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं.

रज्जाकभाईंनी बॅग उतरवली. पुढचं चाक गुमान जमिनीवर टेकलं. ते दुसऱ्या गाडीकडं वळले. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "म्या काय केलं? राहू द्या."

तिकडं कंडक्टरनं घंटी मारली. "ओ ताई, येता का जाऊ?"

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. आपली पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, पदर खोचला, दोन्ही हातांनी ती बॅग उचलली आणि वाकत वाकत एसटीच्या दारापर्यंत नेली.

"कंडक्टर भाऊ," ती म्हणाली, "ह्यायले माह्या सीटवर बसवा. तिकीट अकोल्यापर्यंत काढेल हाय!"