गेरूची शिंगं

वडप्याच्या पंढरीला कुणी रिकामं बसलेलं पाहिलं नाही. बांध घालणं, कुंपण ठोकणं, गवत कापणं, कशाचाही ठेका घ्यायचा आणि वेळेत उरकायचा. पण सत्तरच्या सुमारास निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्या शेटने हमरस्त्यालगत जमीन घेतली, तारेच्या कुंपणात चितळं आणून सोडली आणि ती राखण्याचा ठेका पंढरीने घेतला, तेव्हा आम्ही गाववाले पोट धरधरून हसलो. भात पिकवायचं सोडून हरणं पाळायची! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय?

त्याच साली पंढरीने स्वतःचे बैल विकले होते. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर. दिवाळीच्या पाडव्याला त्याने सवयीने गेरू कालवला खरा, पण रंगवायचं काय? शेवटी कुंपणात जाऊन त्याने थोरल्या नराचीच शिंगं रंगवली. नर त्याच्या हातचं खायचा, मुकाट उभा राहिला.

आठवड्याने गवतात एक लाल शिंग पडलेलं दिसलं. दुसऱ्या सकाळी दुसरं. पंढरीच्या पायाखालची जमीनच सरकली. बैलाचं शिंग गेलं की गेलंच. हरणाचं कसं असतं, आमच्यात कुणाला ठाऊक?

"माज्या गेरूनं घात केला," तो बायकोला, कमळाला म्हणाला. "शेट सुरतेला गेलाय, परत आला का सांगतो. ठेका जाव दे, पन ते जनावर जन्माचं बोडकं झालं गं."

"हरण काय बैल हाय, रंगवाया?" कमळा कडाडली. आणि गुपचूप वज्रेश्वरीला जाऊन नवस बोलून आली.

महिन्याभराने, शेट यायच्या दिवशी, पंढरीने चारा घालता घालता नराच्या डोक्यावर भीतभीत हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. शिंगांच्या जागी दोन कोंब वर येत होते, वासराच्या नाकाडासारखे मऊ आणि ऊन-ऊन. आत रक्त खेळत होतं. नंतर मीही हात लावून आलो. माझं हसणं तिथेच संपलं.

शेट आला. पंढरीने सगळं कबूल केलं आणि त्याचा हात धरून त्या कोंबावर ठेवला.

संध्याकाळी कमळाने धसकून विचारलं, "शेट काय बोलला?"

"काय न्हाय," पंढरी म्हणाला. "देवळात शिरताना काडतो तशा त्यानं चपला काडल्या."