मी बदली

बाबांना सांभाळणाऱ्या मावशी सुट्टीवर गेल्या की त्यांच्या जागी ती दिव्याहून डोंबिवलीला आमच्याकडे यायची. दार उघडलं की म्हणायची, "मी बदली." तिचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

अर्धांगवायूने बाबांची उजवी मूठ घट्ट आवळली होती. ती आधी स्वतःचे तळवे चोळून गरम करायची, मग एकेक बोट हळूहळू सोडवून नखं कापायची.

बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. एकदा म्हणाले, "अगं, बदली शब्द मूळ अरबी 'बदल'वरून आला. एकाच्या जागी दुसरं, फरक न पडता."

"म्हणजे कोणपण आलं तरी चालतं?"

"अर्थ तोच."

ती नखं कापत राहिली.

मावशी परतल्या, पण बाबा त्यांना मुठीला हात लावू देईनात. नखं तळव्यात रुतायला लागली, तेव्हा मी तिला फोन केला. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी ती आली. तिच्या हातात मूठ सैल झाली.

"सर, अर्थ चुकला ना तुमचा?"

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारे बाबा म्हणाले, "चुकला गं." आणि त्यांनी डावा हातही पुढे केला.