लाखोळीच्या जातीची फुलं

नामदेवा, मी गाव सोडलं त्या सकाळी आपला बाप उंबऱ्यात बसला होता. उभा राहूच शकत नव्हता. मालक मजुरी लाखोळीत द्यायचा. घरात तीच डाळ, तिच्याच पिठाची भाकर, अन् त्या लाखोळीनंच बापाचे पाय नेले. आधी एक काठी आली, मंग दोन, मंग ढुंगण घासत चालणं. तू लहान होता, तुले तो बसलेलाच आठवत असंल. मी पिशवी उचलली तं म्हणाला, "सोताच्या पायानं जाऊन राहिला ना? मंग मागं पाहू नको." मायनं बांधून देल्या त्या भाकरीही लाखोळीच्याच. गाडीत त्याच खाल्ल्या. दुसरं होतं काय?

रायपुरात एका रेल्वे साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम भेटलं. बाईसाहेबानं स्वीट-पी नावाच्या फुलवेलीचं बी देलं. ते उगवून वर आलं अन् माह्या अंगावर काटा आला. तसंच पान, तसाच चपटा देठ. लाखोळीची सख्खी बहीण! म्हटलं, "हे मी वाढवणार नाही." बाई हसली, "अरे भैया, ये खाने की नहीं, देखने की चीज़ है." नोकरी होती. वाढवली.

साहेबाची बदली झाली तसा मी अभनपुरच्या रस्त्याले जमिनीचा तुकडा ठेक्यानं घेतला अन् हीच फुलं विकाले लावली. एका वेलीले एकच खोड ठेवा लागते. बगलेतले फुटवे खुडायचे, वेल ज्यानं धरते ते तणावे खुडायचे, नाही तं वेली एकमेकींचे गळे धरतात अन् फुलाचा दांडा वाकडा येते. सुतळीनं बांधत बांधत बांबूवर न्यायची. वरच्या टोकाले पोचली की सोडून जमिनीवर निजवायची अन् पुढच्या बांबूवर पुन्हा चढवायची. फूल रोज तोडायचं. शेंग धरली की वेल संपली. मी शाळा पाहिली न पाहिली, पण माह्या दांड्यासारखा सरळ दांडा अख्ख्या रायपुरात कोणाचा नाही.

पहिल्याच हिवाळ्यात तुह्या वहिनीनं त्या खुडलेल्या शेंड्यांची भाजी टाकली. इथं लाखोळीले तिवरा म्हणतात, तिची भाजी घरोघरी. शेजारीण बोलली होती, "हव दीदी, तिवराच तो आय, रांध ले." मी कामावरून आलो, वास ओळखला अन् चुलीवरचा भाजीचा गंज उचलून गल्लीत पालथा केला. पोट्टे रडाले लागले.

"फुलं खाऊन पोट भरते काय तुमचं?" ती ओरडली.

"पोट्टे उपाशी मरतीन, पण हे खाणार नाहीत."

त्या दिवसापासून खुडलेले शेंडे, राहून गेलेल्या शेंगा, सारं तीच रोज खड्ड्यात पुरायची. एक पान बाहेर राहू देत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात गेली. खड्डा तसाच उघडा आहे.

आता माह्याही पायात जोर नाही. डॉक्टर म्हणते, म्हातारपण. म्हणू दे. लहानपणी काय खाल्लं ते मले माहीत. यंदाचं बी बसल्या बसल्या टाकलं, तं पोट्टा म्हणते, "बाबा, बस करो ना अब. काका के पास छोड़ आता हूँ गाड़ी से." मराठी समजते त्याले, बोलत नाही. अन् तू फोनवर त्याले हव म्हटलं! मंग मले सांगतं, "दादा, आपल्या बाबाची खोली रिकामीच आहे."

नामदेवा, त्याच खोलीत, त्याच उंबऱ्यात मी तसाच बसू? येणाऱ्या-जाणाऱ्यानं म्हणावं, बापाच्या जाग्यावर पोरगा आला? बापानं मले त्यासाठी लावून देलं नव्हतं.

तू म्हणतं, घर ते घर. माहं घर म्हणशील तं ती गल्ली, जिथं मी गंज पालथा केला. माह्या पोट्ट्यांचे पाय तिथं वाचले. त्यातलाच एक त्या पायांनी उभा राहून आता मले गाडीत घालाले निघाला. उभा तं आहे. तेवढं पुरे.

भेटाचं असंल तं फुलं असतानी ये. मी वाफ्यात दिसंन, ढुंगण घासत पुढच्या बांबूकडं चाललेला. पाहवलं नाही तं परत जाय. मले न्याले येऊ नको.