अर्ध्या ढिगावरचा चुना

देशाचं खनिज उत्पादन या महिन्यात वाढलं, अशी चार ओळींची बातमी सकाळी वाचली. असा आकडा कुठून येतो, हे मला ठाऊक आहे. मी मँगनीजच्या खाणीत मोजणीबाबू होतो. बाया खनिजाचे चौकोनी ढीग रचायच्या. मी ते मापायचो आणि मापलेल्या ढिगावर चुना टाकायचो, म्हणजे तो दुसऱ्यांदा मोजला जात नसे.

एका महिनाअखेरीस आकडा कमी पडत होता. शांताबाईंच्या टोळीचा अर्धाच ढीग मी पूर्ण धरला आणि वर चुना टाकला. पुढच्या महिन्यात त्यांनी तो ढीग पुरा केला, पण चुना पडलेला असल्याने ते काम मोजलंच गेलं नाही आणि साहजिकच कमी दिसलं. साहेब सगळ्यांदेखत त्यांना कामचोर म्हणाले. मी शेजारी गप्प उभा होतो.

इतक्या वर्षांनी आज त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"मले तवाच समजलं होतं, बाबू," त्या म्हणाल्या. "पण कामचोर म्हटलेलं साऱ्यांनी ऐकलं, अन् तुमी मले एकटीलेच सांगता?"

त्यांनी हाका मारून टोळीतल्या तिघी म्हाताऱ्यांना अंगणात बोलावलं. देशाचा आकडा वाढतो तो अशा हातांनी, एकेका पाटीने. खरं बोलणंही एका अंगणातून सुरू करता येईल, असं वाटलं. मी बोलू लागलो.

"मोठ्यानं सांगा नं, आयकू येत नाही," एक म्हातारी ओरडली.

मग मी मोठ्याने सांगितलं, "शांताबाई कामचोर नव्हत्या. खोटं माप माझं होतं." रस्त्याने जाणारे दोघेजणही थांबून ऐकू लागले. शांताबाईंनी त्यांनाही आत बोलावलं.