अक्कासाठी घेतलेली गाडी

आम्हाला गाडी घ्यायची होती, पण तिचं इंजिन नको होतं. आता हे ऐकून माझी नातवंडं हसतात. पण सत्तरनंतरच्या त्या वर्षांत पेट्रोल एकदम महाग झालं आणि सोलापुरात असं करणारे बरेच निघाले. जुनी छोटी मोटार बघायची, तिचं पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि त्या जागी मोडीत निघालेल्या एखाद्या टेंपोचं डिझेल इंजिन बसवायचं. म्हणजे पैसे द्यायचे ते पत्र्याला, चाकांना आणि आतल्या बैठकीला. पोट रिकामं करून आपल्याला हवं ते भरायचं, असला सगळा प्रकार.

आमच्यासारख्या विणकराच्या घरात मोटार कशाला, असं कुणीही विचारलं असतं, आणि विचारलंही. पुढं मागांची शेड, मागं दोन खोल्या, त्यात आम्ही सगळे. दिवसभर यंत्रमाग चालायचे, टॉवेल निघायचे. सकाळी माग सुरू झाले की भिंती, फरशी, पाण्याचा माठ, सगळंच बारीक थरथरायचं. फळीवरची पितळी भांडी सरकत सरकत कडेला यायची, म्हणून त्यांच्या खाली टॉवेलाची घडी घालून ठेवायची आमची पद्धत. गावाकडचे पाहुणे आले की दुपारी कपाळ धरून बसायचे. आम्हाला उलट दुपारी वीज गेली की झोपेतून जाग यायची. माग बोलत असले की घर ठीक आहे. घरात कुणी वारलं तरच ते दिवसभर गप्प राहायचे, एरवी सणालाही सकाळचे चार तास चालायचेच.

गाडी हवी होती ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तर हे तिला वदिना म्हणायचे, म्हणजे वहिनी. माझे थोरले दीर लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. यांना तिनंच वाढवलं, आणि पुढं मला पण, कारण मी लग्न होऊन आले तेव्हा मला भातसुद्धा नीट करता येत नव्हता. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मला उठवून बसवणारी तीच. बोलायला तिखट. मी भात करपवला की शेजारणीला हाक मारून सांगायची, "ये गं, आमच्याकडं आज होम झालाय, प्रसाद घेऊन जा!"

तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात लाईट देतात, म्हणजे गाठीवर किरणं सोडतात, त्यानं दुखणं कमी होईल, आयुष्यही वाढेल, पण वरचेवर यावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्यांदा एसटीनं नेलं. त्या प्रवासाबद्दल मी फार लिहीत नाही. सांगोल्याच्या स्टँडवर तिला उतरवलं तेव्हा तिनं माझ्या दंडाला धरलं होतं, आणि तिच्या नखांच्या खुणा घरी आल्यावरही माझ्या दंडावर होत्या. दुसरी वाट कुर्डुवाडीहून छोट्या रेल्वेची, तिच्यात तर धडधाकट माणूस खिळखिळा होतो.

परत आल्यावर अक्का म्हणाली, "आता मी जात न्हाय. हितंच पडून ऱ्हाते. तुमचं काय खाते का मी?"

हे म्हणाले, "वदिना, तुम्हाला गाडीतनं न्यायचं. हळू, आपल्या आपण, पाहिजे तिथं थांबत."

"गाडी? कुणाची गाडी?"

"आपली."

ती यांच्याकडं बघतच राहिली. मग मला म्हणाली, "ह्याला ताप आलाय का बघ गं."

पण तिनं कबूल केलं. गाडीतनं असेल तर येते, म्हणाली. एवढ्या एका शब्दावर यांनी सगळं केलं.

अक्कलकोट रस्त्याला एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना यंत्रमागांच्या शेडी. मिस्त्री आमच्या ओळखीचे, मागाच्या मोटरीसुद्धा दुरुस्त करायचे. त्यांच्याकडं दोन गाड्या होत्या, एकाच जातीच्या, एकाच आकाराच्या. एक साधी, आधी टॅक्सीला चाललेली, रंग उडालेला, खाली नुसती रबराची चटई. दुसरी शौकिनाची. तिच्या अंगावर दोन रंग, बाजूनं चकचकीत पट्टी, छताला मऊ कापड, चटईखाली घोंगडीसारखा जाड थर. साधीला पुढं एकच लांब बाक. शौकिनाच्या गाडीला पुढं दोन वेगवेगळ्या खुर्च्या.

अक्का स्वतः बघायला आली होती. रिक्षातनं, पाठीला उशा लावून. मी नको म्हणत होते.

मिस्त्री म्हणाले, "इंजिन कू देखो नक्को, वो तो निकालने का है. बैठक देखो अक्का, बैठक!"

आधी ती शौकिनाच्या गाडीत बसली. मऊ छताला हात लावून बघितला. "हितं बसलं की कुणाच्या तरी लग्नाला चालल्यावानी वाटतंय," म्हणाली. "पर पुढं दोघंच मावतात की. मी कुटं?"

"मागं आडवी पड की," मी म्हणाले. "आख्खी बैठक तुलाच."

"मागं सामान टाकतात."

मग ती साध्या गाडीच्या लांब बाकावर बसली. खिडकीशी. मला हात करून शेजारी बसवलं, यांना स्टिअरिंगपुढं बसवलं. तिघं एका ओळीत. समोर काचेतनं मिस्त्रींची शेळी दिसत होती.

"हीच घ्या," अक्का म्हणाली. "मला मागं एकटीला टाकू नका. असंच बसून जाऊ. तू मधी बसून मला सुपारी कातरून दे."

हे खाली उतरून चाकांकडं बघत होते. मिस्त्रींनी सांगितलं की टॅक्सीवाल्यानं हिच्या स्प्रिंगा जाड घातल्यात, डिझेलचं इंजिन जड असतं, ते हिला पेलेल. म्हणजे आमच्या हिशेबानं सगळ्याच बाजूंनी साधीच बरी. त्याच आठवड्यात शौकिनाची गाडी पंढरपूरच्या कुणी नेली.

इंजिन बदलायला महिना गेला. हे माग कामगारांवर सोपवून तिकडंच पडलेले असायचे. मी डबा घेऊन जायचे. साखळीला टांगलेलं ते जुनं इंजिन मी बघितलं आहे, बकऱ्यासारखं लटकत होतं. नवं, म्हणजे टेंपोचं, काही केल्या त्या जागेत बसेना. मिस्त्रींनी पत्रा कापला, आधार वेल्ड केले, बोनेटला उंचवटा केला. जुनं इंजिन लातूरचा एक माणूस घेऊन गेला. कागदपत्रं झाली. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली.

मग आम्ही चालवून बघितली. हे, मी आणि मिस्त्री, टेंभुर्णीच्या दिशेनं बरंच लांबवर. अक्काला मुद्दाम नेलं नाही, तिला उगाच दगदग नको म्हणून. येताना यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "कसं वाटतंय?"

"काही कळतच नाही की," मी म्हणाले. खरंच कळत नव्हतं. घरात बसल्यासारखंच वाटत होतं.

"मागापेक्षा गप हाय," हे म्हणाले, आणि मिस्त्री खुश होऊन म्हणाले, "मक्खन है भाई, मक्खन!"

आम्ही तिघंही आयुष्यभर मागांच्या आवाजात जगलेलो. आमच्यापैकी कुणाच्याच अंगाला त्या गाडीची थरथर लागली नाही. एखादा शेतकरी, एखादा मास्तर बरोबर असता तर पहिल्या मैलात म्हणाला असता, अहो हे काय, माझे दात वाजतायत. पण आमच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं.

मिरजेला निघालो तो दिवस छान ढगाळ होता. अक्कानं चांगलं इरकली लुगडं नेसलं होतं. गल्लीतल्या बायकांना हात करून म्हणाली, "येताना हरभऱ्याची पेंडी आणते, चुली पेटवून ठेवा." गाडी सुरू झाली आणि ती गप्प झाली. मला वाटलं, हौसेनं बघत असेल बाहेर.

तिऱ्हे मागं पडलं. मी सुपारी कातरून पुढं केली, तिनं घेतली नाही. तिच्या तोंडाकडं बघितलं तर ओठ पांढरे. दोन्ही हातांनी तिनं बाकाची कड धरली होती, आणि ती कड थरथरत होती, बाक थरथरत होता, समोरची काच थरथरत होती. मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इंजिन आमच्या पायांच्या पलीकडंच होतं, आणि जाड स्प्रिंगा खालून उचलून आपटत होत्या.

"अहो, थांबवा," मी म्हणाले. "थांबवा आधी."

यांनी बेगमपूरच्या अलीकडं एका कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. अक्काचे डोळे मिटलेले. तिच्या गालावरून पाणी येत होतं, पण चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

मग ती म्हणाली, "आता बरं वाटतंय."

"वदिना, हळू नेतो. अगदी बैलगाडीवानी."

"न्हाय रे." तिनं डोळे उघडले. "कळलं मला आता. मागांचं हाय हे. घरात असंच होतंय. सकाळी माग सुरू झाले की पाठीत असंच शिरतंय."

हे तिच्याकडं वळले. "मग बोलला का न्हाय?"

"काय बोलू? माग बंद करा म्हणू? खाणार काय तुम्ही?" आणि मग अगदी हळू, "मला वाटत होतं दुखणंच तसलं हाय. सकाळी वाढतंय आन् सांजंला कमी होतंय. आता हितं इंजिन बंद केलं तवा कळलं."

सात-आठ महिने ती आमच्या शेडीमागच्या खोलीत अंथरुणावर होती.

आम्ही मिरजेला पोचलो नाही. थोडं पुढं गेलो, परत थांबलो, आणि तिसऱ्यांदा इंजिन सुरू करायला यांचा हातच किल्लीकडं जाईना. शेवटी अक्कानंच घरी चल म्हटलं, आणि थांबत थांबत घरी परतलो. मिस्त्रींकडं जाऊन जुनं इंजिन परत बसवायचं विचारलं तर ते लातूरला गेलेलं. दुसरं मिळेपर्यंत, बसेपर्यंत किती दिवस जातील ते सांगता येईना, आणि लाईटसाठी डॉक्टरांनी दिलेली मुदत निघून चालली होती. माझ्या माहेरी शांत घर होतं, तिथं चल म्हटलं तर अक्का म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात जाऊन मरू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी माग सुरूच केले नाहीत. कामगार दारात बिड्या ओढत बसले. गल्लीतली माणसं एकेक करून यायला लागली, टोप्या काढून हळू आवाजात विचारायला लागली, "कवा गेली?"

आतून अक्का ओरडली, "अजून हाय मी! माग लावा आधी!"

लोक ओशाळले, एकजण हसलाही. पण मी आत गेले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "जिवंतपणी मला हे ऐकवू नका गं. ही शांतता माझ्या नावानं नंतर करा."

माग लागले. त्यावर यांनीच वाट काढली. गल्लीच्या टोकाला महापालिकेची मोकळी जागा होती, तिथं जमीन थरथरत नव्हती. सकाळी माग सुरू व्हायच्या आधी आम्ही अक्काला गाडीच्या लांब बाकावर बसवायचो, आणि हे दोन-तीन कामगारांबरोबर गाडी ढकलत तिथं न्यायचे. इंजिन सुरू न करता. संध्याकाळी माग थांबले की तशीच ढकलत परत. त्या इंजिनासाठी महिनाभर पत्रा कापला होता, आणि ती गाडीत असताना ते पुन्हा कधी चालू झालं नाही. गल्लीतले काहीजण हसायचे, गाडीला बैल लावा म्हणायचे. हे मान खाली घालून ढकलायचे. पुढं बसलेल्या अक्काला मागून ढकलणाऱ्या यांचा चेहरा दिसत नसे, ते एक बरं होतं.

दुपारचा स्वयंपाक उरकून मी जायचे आणि तिच्या शेजारी बसायचे. दोन्ही दारं उघडी ठेवायची, वारा यायचा. शेवटी शेवटी तिला डोळे उघडे ठेवणं जड जायचं. एक दिवस म्हणाली, "आपण चाललोय असं सांग. कुटं आलोय आता?"

मी सांगायला लागले. तिऱ्हे गेलं. बेगमपूरचा पूल आला, नदीला पाणी बरं आहे. मंगळवेढा आलं, ज्वारी कंबरेएवढी झालीय.

"सावकाश चालव," ती म्हणाली.

मी सावकाश सांगायला लागले. सांगोल्याच्या अलीकडं आले आणि मला पुढं काय बोलावं ते सुचेना, कारण त्याच्यापुढं मिरज होतं. मी उगाच म्हणाले की मेंढरं आडवी आलीत, लई मोठा कळप आहे, रस्ता भरलाय.

"जाऊ दे त्यांना," अक्का म्हणाली. "हॉर्न वाजवू नको. बावरतात बिचारी."

मी तिचा हात धरून बसून राहिले. उन्हं खाली आली, हे आणि कामगार गाडी ढकलायला आले, तरी आम्ही तिथंच, सांगोल्याच्या अलीकडं मेंढरांपुढं थांबलेलो होतो.