जास्वंदीखालचे दोन ठिपके

सापडली! रोज पहाटे आमच्या जास्वंदीची फुलं नेणारी बाई फाटकावरच्या कॅमेऱ्यात एकदाची दिसली. दिसली म्हणजे काय, करड्या ठिपक्यांचा एक ढग फांदीखाली हलला. मी आणि बायको मोबाइलवर तुटून पडलो. चित्र मोठं केलं, तर नुसते ठिपके मोठे झाले.

"समोरच्या वहिनीच!" मी म्हणालो.

"छे, त्या कुठे एवढ्या उंच!"

मग चित्र स्वच्छ करणारं ॲप लावलं. क्षणात नाक आलं, डोळे आले, वर मंद हसूही आलं. पण ही बाई तर आमच्या गल्लीतली नव्हेच! कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते ॲपने पदरचं घातलं होतं.

वैतागून मूळ चित्रणच पुन्हा लावलं आणि मी ओरडलोच, "अगं, हे बघ!" झाडाशी येताच ढग थबकला, मग पुढे सरकला, आणि मागे दोन काळे ठिपके राहिले. चपला! फुलाला हात लावण्याआधी तिने चपला काढल्या होत्या. मग अनवाणी टाचा उंचावून ती फांदीकडे हात ताणत होती. चेहरा नसलेल्या माणसाची एवढी ओळख पटावी!

सकाळी सुतळी घेऊन मी ती फांदी खाली ओढून बांधली.

बायको म्हणाली, "अजून थोडी खाली घे."