आत्याच्या कपाटातले दोन तालुके

भोर आणि वेल्हे हे दोन अख्खे तालुके घडी घालून एका लोखंडी कपाटात बसवणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि ती माझी धाकटी आत्या आहे. भोरच्या बाजारपेठेत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. खाली दुकान, वर ती आणि तिचं हे कपाट. दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या बायकांच्या पाठीचं माप तिला तोंडपाठ आहे. चेहरे मात्र लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी "काय ताई, बरं हाय का?" म्हणून विचारलं की ही नुसती हसून पुढे जाते, चार पावलांवर थांबते, मागे वळून त्या बाईची पाठ बघते आणि ओरडते, "अगं, तू व्हय! पानशेतची!"

तुमच्या-आमच्या कपाटात कप्पे असतात, आत्याच्या कपाटात गावं आहेत. सगळ्यात वर सारोळे, त्याखाली आंबवडे, मग पानशेत आणि तळाला भोर. नवी साडी आणि तिच्यावरचा ब्लाउज यांची जोडी आधी सारोळ्याच्या कप्प्यात जाते. सारोळ्याच्या एखाद्या कार्यात ती मिरवून आली की पदराला पिनेने चिठ्ठी लागते, "सारोळे, बारसं", आणि जोडी एक मजला उतरून आंबवड्यात मुक्कामाला येते. अशी गावं घेत घेत, थांब्याथांब्याला चिठ्ठ्या वाढवत ती भोरला पोहोचते आणि तिथून सेवानिवृत्त होऊन उशीचा अभ्रा बनते. एका गावाने एक जोडी दोनदा पाहायची नाही, हा कायदा. "शिवणारणीच्या अंगावर एकदा बघितलेलं परत दिसलं ना, की बाया म्हणत्यात, हिच्या डोक्यातलं संपलं," असं आत्याचं म्हणणं. पुण्याला कप्पाच नाही. "तिथं कोण कुणाचं बघतंय? काहीबी नेसून जावं."

आणि ब्लाउजची खरी कला पाठीवर असते म्हणून आत्या लग्नात नेहमी पहिल्या रांगेत बसते, म्हणजे मागचा सगळा मांडव तिची पाठ बघत राहतो. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती अकरा फोटोंत आहे आणि अकराही फोटोंत पाठमोरी आहे. एका फोटोत तर ती मला आशीर्वाद देते आहे, तरी पाठमोरी! हे तिने कसं जमवलं, ते माझ्या बायकोला आणि मला आजतागायत उलगडलेलं नाही.

अशा या कपाटाला मी हात लावला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला आहे, पण तो सगळा ह्याची रंगीत तालीम होता. दिवाळीच्या सुट्टीत आत्या वेल्ह्याला ब्लाउज पोचवायला गेली आणि मला दुकानावर बसवून गेली. मी शाळामास्तर. रिकामा बसलो की मोबाईल पाहतो. त्यात मुंबईच्या कुणा फॅशनवालीने आपलं कपाट दाखवलं होतं: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे कपडे रंगाप्रमाणे, हँगरची तोंडं एका दिशेला. रांगेत उभं केलेलं काहीही दिसलं की मला गहिवरून येतं. म्हटलं, आत्या आली की थक्क झाली पाहिजे. वर गेलो, कपाट रिकामं केलं, पदराला टोचलेले ते कागदाचे कपटे सोडवून केरात टाकले, केर गाडीवाल्याला दिला, आणि पांढरं, पिवळं, केशरी, लाल, हिरवं, निळं असं इंद्रधनुष्य लावून आत्याची वाट पाहत बसलो.

आत्या आली. तिने कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात हात घालून चाचपलं.

"आवडलं?" मी विचारलं.

"माझं सारोळं कुठंय?"

"म्हणजे?"

"मेल्या, माझं सारोळं कुठंय? निळ्यात हाय का हिरव्यात?"

घोटाळा किती मोठा होता ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्याच दिवशी सारोळ्याला एका मोठ्या घरातला साखरपुडा होता. लग्नातले घरातल्या बायकांचे झाडून सगळे ब्लाउज कुणी शिवायचे, ते नवरीची काकी तिथेच ठरवणार होती. एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला हायवेवर नवीनच आलेली पुण्याची बुटीकवाली, जी कॉम्प्युटरवर डिझाइन दाखवते. हे काम हातचं गेलं असतं तर सारोळ्याच्या बायका पुन्हा भोरला चढल्या नसत्या.

सकाळी आत्याने देवाचं नाव घेऊन एक जांभळी इरकल उचलली. प्रायश्चित्त म्हणून मी तिला स्कूटरवरून नेलं. मांडवात शिरलो, आत्या पहिल्या रांगेत बसली आणि पाठीमागून काकींचा आवाज आला, "अगं बया! ही जांभळी तर बारशाला व्हती की!"

मी मदतीला धावलो. "नाही हो काकी, ती वेगळी. ही आजच नवी कोरी काढली."

"मास्तर, तुमी गप ऱ्हावा. म्याच चहा सांडला व्हता काठावर. ह्यो बघा डाग."

डाग होता. बुटीकवाली खुर्चीत टेकून हसली. आता मला नीरेच्या पुलावरून उडी टाकावीशी वाटत होती, तेवढ्यात दुसरी एक बाई म्हणाली, "बारशाला न्हाई गं, डोहाळजेवणाला. बारशाला मोरपंखी व्हती, पाठीला पानाच्या आकाराचा गळा."

"आन् दोरीला मोत्याचे गोंडे," तिसरी म्हणाली.

आत्याने पिशवीतून वही-पेन्सिल काढली. "थांबा, थांबा. सावकाश सांगा. मोरपंखी, बारसं. अजून काय काय बघितलंय माझ्या अंगावर?"

झालं! साखरपुडा राहिला बाजूला. चिंचेच्या रंगाची, हळदी रंगाची, कुठल्या हळदीकुंकवाला कुठली, कुणाच्या पाठीला किती गाठी. अख्खा मांडव सांगत होता आणि आत्या लिहीत होती. केरात गेलेलं सारोळं अर्ध्या तासात अक्षर न् अक्षर परत आलं. सांगता सांगता बायका आपापसांत म्हणू लागल्या, "मला त्या मोरपंखीसारखाच गळा पायजे हां."

शेवटी काकींनी हात वर केला. "आता मला येवढंच सांगा, ह्या पुण्याच्या ताई मागच्या म्हैन्यात आपल्याकडं आल्या व्हत्या, तवा त्यांनी काय घातलं व्हतं?"

एकीलाही आठवेना. बुटीकवालीचं हसू विरलं. काकी आत्याकडे वळल्या, "कधी पाठवू मापाला?"

परत येताना आत्या स्कूटरवर मागे ताठ बसली होती, हत्तीवरून साखर वाटत निघाल्यासारखी. मला म्हणाली, "गाढवा, पुढच्या सुट्टीत परत सगळं केरात टाकलंस तरी चालंल."

मग ती वही घेऊन आंबवडे, पानशेत सगळीकडे फिरली. सगळ्या जोड्या आपापल्या गावी परतल्या. फक्त एक अबोली रंगाची साडी कुणीच ओळखली नाही.

"ही कुणी पाहिलीच नाही?" मी विचारलं.

"बघितली व्हती की. आंबवड्यात माझी मैत्रीण व्हती, सारोळ्याच्या बी आधी तिच्याकडं नेसून गेले व्हते. दोघीच व्हतो. तिनं लई नीट बघितली व्हती." आत्याने साडीवरून हात फिरवला. "ती गेली. आता कोण सांगणार?"

मग ती आत गेली आणि अबोली नेसून आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी ती वळण्याची वाट पाहत होतो, पण ती वळलीच नाही. कितीतरी वर्षांनी मी आत्याला समोरून, नीट पाहत होतो. ती म्हातारी झाली होती.

"बघितलीस?"

"बघितली."

"मग लिही चिठ्ठी. भाच्यानं बघितली म्हनून."

मी लिहिली, माझ्याच हाताने पदराला टोचली. सणावाराला आत्या आमच्याकडे जेवायला येते, तेव्हा दार उघडताना मी उगीचच आशेने बघतो. पण कायदा तो कायदा, ती अबोली साडी तिने माझ्यासमोर पुन्हा कधी नेसली नाही.